व्हिएन्ना मजल्यावरचे आठ दिवस

“चिपळूणच्या बाईला पुराचं काय सांगता,” असं म्हणून सासूबाईंनी साडी वर खोचली आणि सातव्या मजल्यावरून जिना उतरायला सुरुवात केली. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. शारजातल्या आमच्या बिल्डिंगचं तळघर पाण्याने भरलं होतं. लिफ्ट बंद, वीज बंद, नळ कोरडे. वाळवंटात एका दिवसात एवढा पाऊस कोसळेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दोन दिवस आम्ही घरात बसून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी प्यायचं पाणी संपत आलं, तेव्हा मी बाहेर पडायचं ठरवलं.

नवरा पुण्यात अडकला होता. ऑफिसच्या कामासाठी चार दिवस म्हणून गेला आणि इकडे विमानतळच पाण्याखाली गेला. त्यामुळे घरात आम्ही तिघीच: मी, माझी बारा वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. खाली लॉबीत कमरेइतकं पाणी होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी समुद्रावर खेळायची रबरी होडी आणली होती. तिच्यात सासूबाईंना बसवलं आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी ती ढकलत निघालो.

“आजी, यू लुक लाइक अ क्वीन,” मुलगी म्हणाली.

“मागच्या पुरात पत्र्यावर बसले होते,” सासूबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा हे बरं.”

दुबईत अल क्वोजला आमच्या कंपनीचं वेअरहाऊस आहे. तिथला स्टोअरकीपर शारजातल्याच रोल्ला भागात राहतो. त्यानेच फोन करून सांगितलं की त्याच्या गल्लीत पाणी ओसरलंय, एक जुनं हॉटेल आहे आणि त्यात एकच खोली शिल्लक आहे. “मॅडम, फाइव्ह स्टार नाहीये, पण स्वच्छ आहे. यल्ला, लवकर या, नाहीतर तीपण जाईल.”

तसं ते हॉटेल मी आधी शंभरदा पाहिलं असेल. खाली कपड्यांची आणि मोबाइलची दुकानं, मध्ये एक अरुंद दार, वर चार मजले. रोल्ल्याला साड्या घ्यायला, भाजी घ्यायला येताना त्या दाराकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आत मात्र वेगळंच जग होतं. रिसेप्शनला एक साठीतले केरळी मॅनेजर बसायचे. त्यांच्या मागे चार घड्याळं होती आणि चारही वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. त्यांतली तीन बंद होती, हे मला नंतर कळलं. गालिचा मूळचा लाल असावा. मजल्यांना नंबर नव्हते, नावं होती: पहिला जिनिव्हा, दुसरा प्राग, तिसरा व्हिएन्ना, चौथा पॅरिस.

“पुराना अरबाब जवानी में इलाज के लिए यूरोप गया था,” मॅनेजरनी मला किल्ली देताना सांगितलं. अरबाब म्हणजे मालक. “वापस आया तो बोला, मेरा होटल यूरोप होना चाहिए। हर जिने पे पेंटिंग करवाया। लेकिन मैडम, पेंटर हमारे त्रिशूर का था। उसने यूरोप देखा नहीं था।”

ते खरंच होतं. जिनिव्हाच्या सरोवराकाठी चक्क माड होते.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तीत जाळीचं दार ओढून बंद करावं लागे आणि सासूबाईंना ते पिंजऱ्यासारखं वाटलं. म्हणाल्या, सात मजले उतरले, तीन चढेन. मी पुढे बॅगा घेऊन चालले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागचा पावलांचा आवाज थांबला. मला वाटलं, दम लागला. वळून पाहिलं तर त्या कठडा धरून भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

भिंतभर एक चित्र होतं. नदी, नदीवर दगडी पूल, पुलावर दोन्ही बाजूंना पुतळे, मधोमध लाल ट्राम आणि मागे उतरत्या छपरांची घरं. रंग उडाला होता, खालच्या बाजूला ओल धरली होती.

“हा तो पूल,” सासूबाई म्हणाल्या.

मला काही कळेना. आणि मग एकदम कळलं.

चिपळूणच्या घरात, माजघरातल्या भिंतीवर, माझ्या सासऱ्यांचा एक फोटो होता. पांढरा शर्ट, काळी पँट, डोळ्यांवर गॉगल, आणि मागे हाच पूल. ते तरुणपणी अकरा वर्षं शारजाला होते. तो फोटो त्यांनी तिकडूनच पाठवला होता. वाडीतले लोक तो बघून म्हणायचे, हा विलायतेला जाऊन आला. सासरे हसायचे, हो-नाही काही म्हणायचे नाहीत. सासूबाईंना तेवढं ठाऊक होतं की ते हॉटेलातलं चित्र आहे आणि त्याच हॉटेलात ते राहतात. कंपनीत सुपरवायझर आहे, कंपनीने हॉटेलात खोली दिलीय, असं त्यांनी कळवलं होतं. हॉटेलचं नाव कधी लिहिलं नाही. इथे पत्र घरी येत नाही, पोस्ट बॉक्सला येतं, त्यामुळे पत्ता म्हणजे नुसता एक आकडा असे. सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

खोलीत येऊन त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. गालिच्याकडे, पडद्याकडे, भिंतीतल्या एसीकडे बघत राहिल्या.

“राजासारखा राहिला हो हितं,” त्या शेवटी म्हणाल्या. नवऱ्याबद्दल एकवचनात बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “आणि मी तिकडं विहिरीवरनं घागरी आणत होते.”

त्यांच्या संसाराची ही बाजू मला अर्धवटच माहीत होती. पुढच्या दोन दिवसांत उरलेली कळली. मी खोलीत लॅपटॉप घेऊन कामाला बसे, मुलीची शाळा ऑनलाइन चालू असे आणि सासूबाई खिडकीशी बसून बोलत. सासरे दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांसाठी येत. एरवी कॅसेट. त्या काळी टेपरेकॉर्डरवर आवाज भरून, गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर ती कॅसेट पाठवत. घरी सगळे भोवती बसून ऐकत. नंतर सासूबाई एकट्या ऐकत, पुन्हा पुन्हा. एकदा त्यांनी धीर करून उलट कॅसेट पाठवली होती: मला आणि पोराला तिकडे घेऊन चला. उत्तर आलं, इथे बायकांना राहायला जागा नाही.

“गालिचा आहे, थंड हवेचं मशीन आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, असं सांगायचे,” त्या म्हणाल्या. “आणि बायकोला जागा नाही. मग माणसाच्या मनात काय यील?”

त्यांच्या मनात काय आलं असेल ते उघड होतं, आणि ते त्यांनी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या कॅसेटी आता नव्हत्या. चिपळुणात मागे पूर आला तेव्हा कपाटासकट चिखलात गेल्या. पण सासूबाईंना त्या पाठ होत्या. कुठल्या कॅसेटमध्ये ते खोकले, कुठल्या कॅसेटमध्ये बाहेर गाडीचा भोंगा वाजला, सगळं. आणि प्रत्येक कॅसेटमध्ये, बोलता बोलता मागे एक आवाज येई. आधी घरघर. मग ती थांबे आणि टक. जरा वेळाने टक टक. आणि लगेच सासरे म्हणत, “थांब हां, एक मिनिट,” आणि टेप बंद करत. पुन्हा सुरू होई तेव्हा दुसरंच काही बोलत.

“मी विचारलं होतं कसला आवाज. तर म्हणे लिफ्टचं मशीन.”

हॉटेलातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाथरूममधून हात धुऊन बाहेर आले तर सासूबाई दारातच उभ्या. “ऐकलंस?”

“काय?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला असावा. बाथरूमच्या भिंतीत, खोल आत, टक. मग थोडा वेळ शांतता. मग टक टक.

जुन्या इमारतीत पाइप आपटतो, त्यात नवल काही नाही. मला ते कळत होतं. तरी मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले.

“बारीक येतोय,” सासूबाई म्हणाल्या. “कॅसेटीत मोठा यायचा. ही खोली नव्हे.”

त्या दिवसापासून त्या हॉटेलात हिंडायला लागल्या. सकाळी न्याहारी झाली की निघत. खोल्या साफ करणारे लोक दारं उघडी टाकून काम करत, तेव्हा त्या आत शिरून भिंतीला कान लावत. पाहुणे बाहेर गेलेल्या खोल्या, स्टोअर, चादरी ठेवायची जागा, सगळीकडे. मॅनेजरनी मला हळूच विचारलं, “माताजी ठीक हैं ना?” मी म्हटलं, ठीक आहेत, त्यांचे यजमान पूर्वी इथे राहत होते. “मैडम, मैं तीस साल से हूँ। उससे पहले का मुझे पता नहीं।” मग म्हणाले, माताजींना हवं तिथे जाऊ द्या.

मला ते सोपं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत भीती वाटायला लागली होती. बाहेर ऊन पडलं होतं, खाली दुकानदार ओल्या मालाचे ढीग सुकत घालत होते, माणसांचा गलका होता, पण त्या जिन्यात शिरलं की सगळे आवाज मागे राहायचे. पुलाच्या चित्रापाशी आलं की मी नजर खाली घालून चालायची. चित्रात पुढच्या बाजूला, बरोबर मध्यभागी, रंग जास्त उडाला होता. माणसाच्या उंचीचा, माणसाच्या रुंदीचा. तिथे टेकून किती जणांनी फोटो काढले असतील, त्यानेच उडाला असणार. पण मला ती जागा कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी दिसायची.

आणि सासूबाईंचं बोलणं. त्या सरळ म्हणायच्या, “आत्ता हे जिन्यातून गेले.” जसं कुणी सांगावं, दूधवाला येऊन गेला. मी म्हटलं, “आई, असं पोरीसमोर नका बोलू.”

“का? तिचा आजोबाच आहे.”

मुलगी हेडफोन काढून माझ्याकडे बघायची. “मम्मा, इज आजी ओके?” मी हो म्हणायची.

चौथ्या मजल्यावर आवाज जास्त मोठा येतो, हे त्यांनी पाचव्या दिवशी शोधून काढलं. “पॅरिसला,” त्या म्हणाल्या. मजल्यांची नावं त्या न चुकता घ्यायच्या. पण तिथेही कॅसेटीइतका नव्हता. तिथल्या सात खोल्यांतल्या पाच त्यांच्या ऐकून झाल्या होत्या. उरलेल्या दोन खोल्यांत पुरात अडकलेली कुटुंबं होती आणि ती दिवसभर आतच असत.

सहाव्या दिवशी दुपारी माझी एक लांबलेली मीटिंग संपली आणि पाहिलं तर सासूबाई खोलीत नव्हत्या. त्यांच्या चपला पलंगाखाली तशाच होत्या.

“आजी कुठे गेली?”

“शी वेंट अप,” मुलगी म्हणाली. “लाँग टाइम अगो.”

मी चौथ्या मजल्यावर गेले. बोळात कुणी नव्हतं. परत फिरणार तेवढ्यात जिन्याकडे लक्ष गेलं. गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते. मोठी, अनवाणी, पुरुषी पावलं, वर जाणारी. त्यांच्यावर पाय ठेवत दुसरी लहान पावलं गेली होती. ती पहिल्या पावलांच्या ओलीत उमटली होती, म्हणजे मागाहून गेलेली. गच्चीवर लोकांना सोडत नाहीत हे मला माहीत होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली, पंधरा वर्षं ऑफिसात काम केलेली मी त्या पायऱ्यांपाशी उभी राहून रामाचं नाव घेत होते, हे कबूल करायला हवं.

वर लोखंडी दार अर्धवट उघडं होतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. पांढऱ्या रंगाच्या दोन मोठ्या टाक्या, डिश अँटेना, एसीची यंत्रं. टाक्यांच्या मागे सिमेंटच्या विटांची एक खोली होती. तिच्या दारात पन्नाशीचा एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ओल्या पायांनी उभा होता. हातात पाना.

“माताजी हमारे पीछे-पीछे आ गईं,” तो मला म्हणाला. तो हॉटेलचा पंप सांभाळणारा माणूस, गोरखपूरकडचा. “हम बोले, यहाँ क्या है, पंप है। मानती ही नहीं।”

मी आत पाहिलं. पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद. खिडकी नाही. अर्धी जागा पंपाने आणि पाइपांनी अडवलेली. उरलेल्या जागेत एक लाकडी फळी विटांवर टाकलेली होती आणि त्या फळीवर सासूबाई बसल्या होत्या. भट्टीत उभं राहावं तसा उकाडा. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता आणि त्या दाराच्या आतल्या बाजूकडे बघत होत्या.

तिथे रंगाचे किती थर चढले असतील कोण जाणे, पण खालची अक्षरं वर आली होती, जखमेचा वण यावा तशी. ‘श्री गजानन प्रसन्न’. सासरे प्रत्येक पत्राच्या माथ्यावर हेच लिहीत. मीसुद्धा त्यांची पत्रं पाहिली होती, आणि त्यांचा ‘ज’ मला ओळखता आला. त्याची शेपटी ते खालच्या ओळीपर्यंत ओढायचे.

“यहाँ कोई रहता है?” मी त्या माणसाला विचारलं.

“अब नहीं। अब तो कंपनी का कैंप है, हम लोग वहाँ रहते हैं। पहले रहते थे। जो पंप देखता था, वही रहता था।” त्याने फळीकडे बोट केलं. “सुना है कोई रत्नागिरीवाला था, बहुत साल। लाइट-पानी सब वही देखता था।”

खाली कुठेतरी नळ उघडला गेला असावा. पंप सुरू झाला. त्या एवढ्याशा खोलीत तो आवाज दातांत शिरत होता. सासूबाई हलल्या नाहीत. अर्ध्या मिनिटाने पंप थांबला आणि त्यांच्या डोक्यामागच्या पाइपात, कानठळ्या बसतील असा, टक. मग शांतता. मग टक टक.

“थांब हां, एक मिनिट,” सासूबाई म्हणाल्या.

आवाज त्यांचाच होता. पण बोलण्याची ढब, तो ‘हां’वरचा हेलकावा, सासऱ्यांचा होता. इतका हुबेहूब की मी मागे वळून पाहिलं.

मग मला ते सगळं समजलं. पाइप आपटला की त्यांना टेप बंद करून उठावं लागत असणार. टाकी बघायला, व्हॉल्व्ह फिरवायला. ते सुपरवायझर नव्हते. त्यांना खोली नव्हती. गालिचा, पडदे, खिडकी, सगळं खालच्या मजल्यांवरचं होतं, जिथे ते पाना घेऊन नळ दुरुस्त करायला जात. इथे बायकोला राहायला जागा नाही, हे तेवढं एक वाक्य खरं होतं.

सासरे गावी परत आले त्यानंतरची गोष्टही मला आठवली. ते कधी दार लावून झोपले नाहीत. थंडी असो, पाऊस असो, पडवीत, दार सताड उघडं. घरी बोअरवेल घेतली तेव्हा पंप घराजवळ बसवू दिला नाही, पार खाली आंब्याच्या बागेत नेऊन बसवला. सगळे म्हणायचे, गल्फच्या माणसाचे नखरे.

मी सासूबाईंना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला.

“तू खाली जा,” त्या म्हणाल्या. “मला ह्यांच्याशी बोलायचंय.”

मी आणि तो पंपवाला गच्चीवर, टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिलो. दार उघडंच होतं. सासूबाई आधी हळू बोलत होत्या, मग आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला अरे-तुरे केलं.

“अकरा वर्षं रे! अकरा वर्षं ह्या डब्यात निजलास आणि मला गालिचा सांगितलास? मी काय हसले असते तुला? मी काय दागिने मागितले होते? अरे, मी तुझा रागराग केला. देवासमोर बसून तुला शिव्याशाप दिले. तू मरताना तुझ्या तोंडात पाणी घातलं तेव्हासुद्धा माझ्या मनात होतं, हा माणूस तिकडे मजा मारून आला. तू मला करू दिलंस ते. मला वाईट बायको केलंस तू! एकदा सांगायचं. कॅसेटीत नाही, तर घरी आल्यावर सांगायचं. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलास, तेव्हा सांगायचं.”

पंपवाला माझ्याकडे बघत नव्हता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं असावं. थोड्या वेळाने त्याने खाली जाऊन सासूबाईंसाठी थंड पाण्याची बाटली आणली आणि दारात ठेवली.

पुढचे दोन दिवस त्या रोज दुपारी वर गेल्या. उकाड्याने काही होईल म्हणून मी घाबरत होते, तर मॅनेजरनी टेबलफॅन वर पाठवला आणि एक खुर्ची. कुणी काही विचारलं नाही. खाली येताना सासूबाईंचा चेहरा तापलेला असायचा, पण त्या पोटभर जेवायच्या आणि मुलीला गोष्टी सांगायच्या.

नवव्या दिवशी सकाळी नवरा पोहोचला. आमच्या बिल्डिंगची वीज आली होती, घरी परतायचं होतं. तो टॅक्सीतून उतरायच्या आत सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

“त्याला सांगू नको. त्याचा बाप सुपरवायझर होता. तसाच असू दे.”

मी मान हलवली.

नवरा बॅगा घ्यायला वर आला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तोही थांबला, चित्रासमोर. मी त्याच्या मागे होते. मग जिन्यात दुसरं कुणी नाही हे बघून हळू आवाजात म्हणाला, “हेच ते हॉटेल. आईने ओळखलं?”

“चित्र ओळखलं,” मी म्हटलं.

“वर नाही ना गेली?”

“का? वर काय आहे?”

“बाबा वर राहायचे. टाकीच्या खोलीत.” त्याने रुमालाने तोंड पुसलं. “मी बारावीला होतो. मला म्हणत होते, तू गल्फला जाऊ नकोस. मी हट्टाला पेटलो, म्हटलं तुम्ही हॉटेलात राहिलात आणि मला नाही म्हणता. तेव्हा सांगितलं. आणि म्हणाले, आईला कधी सांगू नकोस. तिने तिथे एकटीने सगळं काढलं ते मी सुखात आहे ह्या भरवशावर.”

त्या जिन्यात मी दोन्ही बाजूंची वचनं घेऊन उभी होते. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण वरून सासूबाईंची हाक आली, मुलगी बॅग ओढत खाली आली, आणि ती वेळ गेली. नंतर घरातली ओल काढण्यात, फ्रिज बदलण्यात, शाळेत, ऑफिसात दिवस गेले. रोज वाटायचं, आज सांगू. जेवायला एकत्र बसले की दोघं एकमेकांना सांभाळून सासऱ्यांबद्दल बोलायचे. तो म्हणायचा, बाबा तिकडे मजेत होते. त्या म्हणायच्या, हो तर, मोठं हॉटेल होतं. मी आमटी वाढत राहायची.

महिन्याने सासूबाई चिपळूणला परतल्या. तिकडची माणसं सांगत, आताशा त्या पडवीत निजतात, दार उघडं टाकून. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, चार दिवसांच्या तापाने, त्या गेल्या.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर पाहुणे पांगले. नवरा पडवीच्या पायरीवर बसला होता. डोक्याचे केस काढलेले, अंगावर बनियन. मी शेजारी जाऊन बसले.

“एक बरं झालं,” तो म्हणाला. “तिला शेवटपर्यंत कळलं नाही.”

तेव्हा मी सांगितलं. कॅसेटीतला आवाज, भिंतींना कान लावणं, ओली पावलं, दारावरची अक्षरं. माझं सांगून संपल्यावर त्याने विचारलं, “रडली का खूप?”

“नाही,” मी म्हटलं. “भांडल्या.”

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. पुष्कळ वेळाने म्हणाला, “काय काय बोलली, सांग.” मी आठवेल ते शब्दन्‌शब्द सांगितलं. अरे-तुरेसकट.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही, आणि का नाही सांगितली ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. त्या तिन्ही दुपारी, टाकीच्या सावलीत उभी राहून मी ऐकत होते. सासूबाई सलग बोलत नव्हत्या. मध्ये मध्ये थांबायच्या. समोरचा माणूस उत्तर देत असावा तेवढाच वेळ, कधी कमी, कधी जास्त. आणि मग त्या पुढचं वाक्य बोलायच्या, ते मधल्या उत्तराला धरून असायचं. शेवटच्या दिवशी असाच मोठा विराम गेला. पंप बंद होता, पाइप गप्प होता. आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, एकदम शांत: “बरं. आता ऱ्हाऊ दे.”